वीस किलोचं खोकं

खोकं वीस किलोच्या वर जाऊ द्यायचं नाही,
एवढं सांगण्यापुरतं मला मंडळात घेतलं होतं.
पोस्टातली बाई, नगरहून बदलून आलेली,
तेलुगूतले दोनच शब्द येणारी: अक्का, आणि रा.

विडी घरकुलात नरसक्का येमूलच्या पत्र्याखाली
शनिवारी दुपारी, त्रेचाळीस अंशांत,
आम्ही सातजणी जाड टॉवेलांच्या घड्या घालायचो.
कारखान्यातला दुय्यम माल. कुठे धागा सुटलेला,
कुठे मोराची मान विणायची राहून गेलेली.
सुवर्णा कुंचम मलावीत नर्स आहे, तिनं कळवलं होतं:
इथे जूनमध्ये थंडी पडते, अक्का,
वॉर्डात दोन बाळांत एक पांघरूण.
जूनमध्ये थंडी!
बोगमबाई इतक्या हसल्या की पाणी द्यावं लागलं.
मग डोळे पुसत म्हणाल्या, जाड बघून निवडा गं.

नरसक्काचा भास्कर एकोणीस वर्षांचा.
पाय त्याचं ऐकत नाहीत, बोटं ऐकतात.
त्याच्याजवळ दोन तास थांबणं हेही मंडळाचंच काम,
तेवढ्यात नरसक्का हजार विड्या कंपनीत देऊन येते.
वहीत त्याला सेवा वगैरे लिहीत नाहीत.
'बसणं' लिहितात.
आज बसणं कुणाचं?
माझं.

भास्कर टॉवेलच्या दशांना गाठी मारतो.
चार धागे, एक गाठ. चार धागे, एक गाठ.
टॉवेल संपला की माझ्याकडे बघून म्हणतो, चालू.
त्याचा तेवढाच एक शब्द.
मी खूश. पोरगा कामाचा आहे,
चालू म्हणतोय, तर चालू ठेवू या.
दुसरा टॉवेल दिला.
चालू, म्हणाला तो, जरा मोठ्यानं.
शाब्बास, म्हटलं मी, आणि तिसरा दिला.
असे पाच शनिवार.
सहाव्या शनिवारी त्यानं टॉवेल तोंडात कोंबला
आणि डोकं मागे असं आपटलं
की शेजारच्या घरापर्यंत पत्रा वाजला.

नरसक्का रिकामं सूप घेऊन दारात.
तिनं त्याचं डोकं पोटाशी धरलं
आणि मला म्हणाली, रागानं नाही,
खिडकीवर पत्ता सांगावा तसं:
बाई, आमच्यात चालू म्हणजे पुरे.

घरी जाऊन मी वही काढली.
सतरा टॉवेल. त्यातले पुरेच्या नंतरचे किती,
याचा रकाना आमच्या वहीत नव्हता.

खोकं भरायच्या दिवशी चिप्पांचे लक्ष्मीनारायण आले,
वर्गणी देणारे, म्हणून खुर्ची दिली.
म्हणाले, घरातलं पोर असं,
आणि टॉवेल समुद्रापार कशाला?
नरसक्कानं सुतळी दातानं तोडली.
माझ्याकडे या बाया येऊन बसतात, म्हणाली.
तिथे बसायला कोण जाणार? टॉवेल तरी बसू दे.
लक्ष्मीनारायण थोडा वेळ मोराची मान शोधत राहिले.

वजन भरलं वीस किलो तीनशे.
काहीतरी काढा, म्हटलं मी. नियम म्हणजे नियम.
तळाशी हात घातला तर शेंगाचटणीची पुडी,
सुवर्णासाठी बोगमबाईंनी दडवलेली.
सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.
पुडी पुन्हा आत गेली. एक टॉवेल बाहेर आला,
एकाच बाजूला गाठी असलेला.
तो भास्करच्या खांद्यावर टाकला.
त्यानं वास घेतला, दुसरी बाजू चाचपली
आणि तशीच राहू दिली.

जूनच्या शेवटी सुवर्णाचा फोन आला.
आवाज तुटत होता, मागे कुणाचं तरी बाळ.
सगळे पोचले, म्हणाली. चटणीसुद्धा.
दोन बाळांत एक होतं ते आता एकाला एक,
पण काल सहा नवीन आली.
मी सहजच विचारलं, मग, चालू?
पलीकडे क्षणभर काहीच नाही.
मग ती हसली, घरकुलातल्या पोरींसारखी, मोठ्यानं:
कुठल्या भाषेत विचारताय, बाई?

मी वही उघडली.
शनिवारचं बसणं माझंच होतं.